ईपीआरचे जू नेमके कोणाच्या मानेवर?

उद्यमनगरचा हिशेबनीस:
गेल्या आठवड्यात एका मसाला उत्पादकाने येथे लिहिले की, प्लॅस्टिक वेष्टनाच्या ईपीआर नियमांमुळे (विस्तारित उत्पादक जबाबदारी, म्हणजे वेष्टनाच्या कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची कंपन्यांवरील जबाबदारी) "कोल्हापुरात घरी चटणी कांडून विकणाऱ्या बाईलाही आता कचऱ्याचा दंड भरावा लागणार". तेव्हापासून हे वाक्य चार व्हॉट्सॲप गटांतून फिरून पुन्हा माझ्याकडे आले आहे, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे. केंद्राच्या १६ फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ब्रँडमालकांवर ही जबाबदारी टाकतानाच त्यांतील सूक्ष्म आणि लघु उद्योग वगळलेले आहेत. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत २५ कोटींची गुंतवणूक आणि १०० कोटींची उलाढाल इतकी वाढली आहे. चटणी कांडणाऱ्या बाईचे सोडा, आपल्या जिल्ह्यातील बहुतेक मसालेवाले आणि गूळवाले ब्रँडमालक म्हणून या जाळ्यात येतच नाहीत. नियम न वाचता लोकांना घाबरवणे हा काही उद्योजकांचा कैवार नव्हे.

शिरोलीचा मसालेवाला:
ती पोस्ट माझीच होती आणि तिच्यातील एकही शब्द मी मागे घेत नाही. हिशेबनीस साहेबांनी नियम वाचला आहे, मी तो भोगला आहे. मागील वर्षी एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीच्या खरेदी विभागाने मला कळवले की, ईपीआर नोंदणी क्रमांक दिल्याशिवाय माल उतरवून घेतला जाणार नाही. मी लघु उद्योग असल्याचा सरकारी ‘उद्यम’ दाखला दाखवला. त्यावर "आमच्या प्रणालीत तो रकाना रिकामा ठेवता येत नाही" एवढेच उत्तर मिळाले आणि कांदा-लसूण मसाल्याच्या चाळीस पेट्या दिवसभर टेम्पोत उन्हात राहिल्या. शेवटी एका सल्लागाराने पंचेचाळीस हजार रुपये घेतले आणि ज्याची मला गरजच नव्हती त्या नोंदणीसाठी अर्ज भरला. सूट राजपत्रात आहे हे मान्य, पण गेटवर राजपत्र वाचणारा पहारेकरी नसतो. आणि नियम किचकट राहिले तर ज्यांचे पोट भरते, त्यांनीच आम्हाला नियम वाचायला सांगावे, हे विशेष.

गोकुळ शिरगावचा पाऊचवाला:
मसालेवाले किमान ब्रँडमालक म्हणून सुटतात. आम्ही पाऊच तयार करणारे, म्हणजे नियमाच्या भाषेत थेट "उत्पादक". मार्च २०२४ च्या दुरुस्तीने सूक्ष्म व लघु उत्पादकांच्या कचरा-विल्हेवाटीच्या उद्दिष्टांची जबाबदारी कच्चा माल तयार करणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली, हे हिशेबनिसांनी सांगितले नाही म्हणून मी सांगतो. तो निर्णय योग्य होता. परंतु छपाईचा प्रश्न कोणी विचारात घेतला? ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. वेष्टनावर छापावा लागणारा ईपीआर नोंदणी क्रमांक बदलला की सिलिंडर बदलतो, आणि छापून ठेवलेले रोल गोदामात तसेच पडून राहतात. १ जुलै २०२५ पासून ही माहिती क्यूआर कोडमधून देण्याची मुभा मिळाली. ती आधीच दिली असती तर माझे एकोणीस रोल रद्दीच्या भावाने गेले नसते.

उद्यमनगरचा हिशेबनीस:
क्रमांक काळ्या अक्षरांत असतो, त्यामुळे आठांपैकी एकच सिलिंडर बदलतो, हे आपण लिहायला विसरलात.

गोकुळ शिरगावचा पाऊचवाला:
विसरलो नाही. तो एक सिलिंडर आपण विकत घेऊन द्यावा, मी पुढच्या वेळी आवर्जून लिहीन.

पंचगंगाकाठची शिक्षिका:
सिलिंडर, रकाने आणि टेम्पो यांच्या गदारोळात कचऱ्याविषयी अद्याप कोणीही बोललेले नाही. २०१९ चा पूर ओसरल्यावर आम्ही राजाराम बंधाऱ्याच्या परिसरात सफाईला गेलो होतो. पाणी जेथवर चढले होते तेथवर बाभळींवर पाकिटांच्या चिंध्या लटकत होत्या, जणू पुराने आपली रेघ प्लॅस्टिकनेच आखली होती. त्यात बिस्किटांची, शाम्पूची, गुटख्याची आणि आपल्या मसाल्यांचीही पाकिटे होती. माझा आक्षेप दोन्ही बाजूंना आहे. ईपीआर प्रमाणपत्र, म्हणजे प्रक्रियादाराने अमुक वजनाच्या कचऱ्यावर प्रक्रिया केल्याचा दाखला, वजन आणि प्लॅस्टिकचा प्रवर्ग पाहते, गाव पाहत नाही. कोल्हापुरात विकलेल्या टनभर पाकिटांच्या बदल्यात दुसऱ्या राज्यातील प्रक्रियादाराचे टनभराचे प्रमाणपत्र घेतले की कंपनीचा हिशेब चुकता होतो आणि जयंती नाला होता तसाच वाहत राहतो. त्यात ती प्रमाणपत्रे तरी खरी असतात का? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तपासणीत २०२३ मध्ये सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आली होती.

उद्यमनगरचा हिशेबनीस:
ताई, बनावट प्रमाणपत्रांचा मुद्दा निर्विवाद आहे. तथापि, ती बनावट आहेत हे उघड झाले ते नोंदी एका ठिकाणी होत्या म्हणूनच. गावाचा मुद्दा मात्र अव्यवहार्य वाटतो. ज्या पाकिटात ॲल्युमिनियमचा थर असतो ते तिसऱ्या प्रवर्गात जाते, आणि त्यातील ज्याचे पुनर्चक्रीकरण होत नाही ते बव्हंशी सिमेंटच्या भट्टीत जाळावे लागते. अशा भट्ट्या चंद्रपूर किंवा कलबुर्गीकडे आहेत, कसबा बावड्यात नाहीत.

भेंडे गल्लीतील गृहिणी:
मसाल्याचे पाकीट महिन्याला एक येते, दुधाच्या पिशव्या रोज दोन येतात, तरी सगळी चर्चा मसाल्यावर! २३ मार्च २०१८ च्या राज्याच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे पुनर्खरेदी किंमत छापण्याची अट होती. त्या हिशेबाने वर्षाला ३६५ रुपये माझे निघतात. मी पिशव्या धुऊन, दोरीवर वाळवून, शंभराचा गठ्ठा करून दुकानात नेला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "वहिनी, पन्नास पैशांचे नाणे तुम्हीच घेऊन या, मग परत देतो."

शिरोलीचा मसालेवाला:
वहिनींनी बरोबर ठिकाणी बोट ठेवले. मोठ्या डेअऱ्यांना कोणी विचारत नाही, आम्ही मात्र हाताला लागतो.

पंचगंगाकाठची शिक्षिका:
पिशवी तरी भंगारवाला घेतो, कारण ते एकाच जातीचे स्वच्छ पॉलिथिन असते. खरा उपद्रव तिच्या कापलेल्या कोपऱ्याचा आहे. नखाएवढा तो तुकडा कचरावेचक उचलत नाही, मोरीतून गटारात आणि गटारातून नाल्यात जातो. कोपरा पूर्ण न कापता पिशवीला लटकता ठेवा, हे मी शाळेत वीस वर्षे शिकवले.

भेंडे गल्लीतील गृहिणी:
लटकता ठेवला की दूध त्याच्यावरून ओघळून ओट्यावर सांडते. हे शाळेत नव्हे, सकाळी सहा वाजता स्वयंपाकघरात कळते. कंपनीने पिशवीची रचना बदलायची नाही, दुकानदाराने पैसे द्यायचे नाहीत, महापालिकेने वेचायचे नाही, आणि जबाबदारी शेवटी माझ्या कात्रीवर!

गोकुळ शिरगावचा पाऊचवाला:
फाडल्यावर पिशवीलाच चिकटून राहील असा कोपरा करता येतो. यंत्राला छिद्ररेषेचे एक पाते जास्त लागते, पण गळती वाढेल या धास्तीने कोणताही ग्राहक ते मागत नाही. मी स्वखर्चाने दोन नमुने करून एका डेअरीला दाखवले होते. "छान आहे" म्हणाले आणि चहा पाजून पाठवले.

पंचगंगाकाठची शिक्षिका:
मग मी वीस वर्षे चुकीच्या माणसांना शिकवत होते असे दिसते. वहिनी, आपल्या ओट्याबद्दलचे माझे म्हणणे मागे घेते. नाल्याबद्दलचे घेत नाही.

उद्यमनगरचा हिशेबनीस:
दूध उतू जाण्यापूर्वी मूळ विषयावर यावे ही विनंती. मसालेवाल्यांना जो त्रास झाला तो नियमाने नव्हे, तर नियम न वाचलेल्या खरेदी विभागाने आणि तो वाचूनही गप्प राहिलेल्या सल्लागाराने दिला. तो सल्लागार माझ्याच व्यवसायातील आहे, याची मला लाज वाटते. एवढी कबुली पुरेशी असावी. मात्र जे उद्योग मध्यम गटात गेले आहेत त्यांनी "आम्ही लहान आहोत" या घोषणेआड लपू नये. त्यांची वार्षिक विवरणपत्रे ३० जूनपर्यंत जायलाच हवीत आणि पहिल्या प्रवर्गातील टणक वेष्टनात २०२५-२६ मध्ये ३० टक्क्यांपासून सुरू झालेली पुनर्चक्रित प्लॅस्टिकची अटही त्यांना लागू आहे. वीस कोटींवरून दोनशे कोटींवर गेलेला उद्योजक मोटार बदलतो, तर त्याने हिशेबाची वहीही बदलावी.

शिरोलीचा मसालेवाला:
दोनशे कोटी! माझी मोटार म्हणजे तोच टेम्पो. असो, नियमात सूट आहे हे मला आता मान्य करावे लागत आहे, पण पंचेचाळीस हजार रुपये नियम परत करणार नाही.

उद्यमनगरचा हिशेबनीस:
सूट देणारे कलम, उद्यम दाखला आणि वर्गीकरणाचा पुरावा जोडून खरेदी विभागाला द्यायच्या पत्राचा मसुदा मी करून देतो. त्याचे शुल्क घेणार नाही.

शिरोलीचा मसालेवाला:
मसुदा अवश्य द्या, सोमवारीच पाठवतो. पुढची गाडी गुरुवारी भरायची आहे. तो रकाना तरीही रिकामा सोडता आला नाही, तर पेट्यांबरोबर आपल्यालाही टेम्पोत बसवून घेऊन जाईन.