अनुभव धागा: मन अडलं की हात चालवता, की विचार करत बसता?

चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, रानफळं-फुलं आणायला रानात गेलं की आमच्या वाड्यावरचे पुरुष जेवढं बोलतात, तेवढं वर्षभर घरात बोलत नाहीत. त्यावरून सुचलं. पुरुषांना कशाचा जास्त उपयोग होतो, कामाला लागण्याचा की आत डोकावण्याचा? उपदेश नको, स्वतःवर बेतलेलं लिहा.

डिचोलीहून: खाणी २०१२ला बंद झाल्या, चालू झाल्या, २०१८ला पुन्हा बंद. खनिज वाहायचा ट्रक दारात, बँकेचा हप्ता डोक्यात. पडवीत बसून विचार भरपूर केला. कोर्टाचा निकाल काय माझ्या विचाराने बदलणार होता? शेवटी थोरल्या भावाने कुळागराचं, म्हणजे पोफळीच्या बागेचं, शिंपणं माझ्या गळ्यात घातलं. पोफळींना पाट वळवताना हप्ता सोडून दुसरंही सुचायला लागलं. सुपारीवर हप्ता फिटत नाही, हे खरंच. पण ट्रक विकायचं ठरलं ते तिथे.

वास्कोहून: उलट अनुभव. मी जहाजावर. बाबा गेले तेव्हा भर समुद्रात होतो. ‘कामात आहेस ते बरं’, सगळे म्हणाले. वॉच म्हणजे पाळीचा पहारा, जेवण, झोप. सुट्टीवर घरी आलो आणि सगळं एकदम अंगावर आलं. लपायला काम नव्हतं.

काणकोणहून: पुरुष नाही, तरी लिहिते. नवऱ्याला ‘बस, बोलूया’ म्हटलं की तो उठून बाइक धुतो. आता मीच पाइप धरते. धुऊन होईपर्यंत निम्मं बोलून होतं.

पर्वरीहून: इथल्याच ‘संगाथ’ संस्थेने गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत नैराश्यावर जो उपचार तपासला, त्याचा गाभा डिचोलीकरांच्या पाटासारखाच: उमेदीची वाट न पाहता आधी छोटं काम. समुपदेशक डॉक्टर नव्हेत, शिकवून तयार केलेली साधी माणसं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ला आलं, नेहमीच्या उपचाराला याची जोड दिलेल्यांची लक्षणं जास्त कमी झाली. पण त्यात बहुतेक स्त्रिया होत्या, तेव्हा ‘पुरुषांचा पिंडच कामाचा’ वगैरे मला पटत नाही. निव्वळ पुरुषांवरचा त्यांचा दुसरा प्रयोग दारूवरचा. त्यात आधी आपलं पिणं आपणच नीट बघायचं, मग ते आवरायचे उपाय शिकायचे. तोही लागू पडला.

डिचोलीहून: पिणाऱ्याला आधी बघायला लावतात, हे बरोबर वाटतं. आमच्यात ‘सगळं कंट्रोलमध्ये आहे’ म्हणणारेच जास्त.

वास्कोवाले बाब, रात्रीच्या वॉचला जोडीला कोणी असायचं ना? त्याच्याशी कधी बोलणं निघालं नाही?