अँडॉर : शेवट ठाऊक असलेली गोष्ट चोवीस भाग का बघायची?

आडकित्ता (धागाकर्ता)
(खाली सगळं फोडलेलं आहे. 'अँडॉर'चे दोन्ही सीझन आणि 'रोग वन' बघून झाले नसतील तर इथूनच परत फिरा.)

'अँडॉर' या 'स्टार वॉर्स'मधल्या मालिकेला नावं ठेवली की लोक अंगावर येतात. येऊ देत. २०२२ आणि २०२५ असे दोन सीझन, बारा-बारा भाग. गोष्ट 'रोग वन'च्या आधीची. 'रोग वन' (२०१६) या सिनेमाची गोष्टच मुळात १९७७च्या पहिल्या 'स्टार वॉर्स'च्या आधीची. म्हणजे पूर्वकथेची पूर्वकथा. नायक कॅसियन अँडॉर किनाऱ्यावर कसा मरतो ते आपण सहा वर्षं आधीच बघून बसलोय. मग मालिकेत त्याच्यावर बंदूक रोखली की मी श्वास कशाला रोखायचा? तोपर्यंत त्याला काही होत नाही, याची हमी पहिल्या भागाच्या आधीच मिळालेली आहे.

दुसरं म्हणजे यात जेडाय योद्धे नाहीत, त्यांची प्रकाशाची तलवार म्हणजे लाइटसेबर नाही. 'फोर्स' ही गूढ शक्ती म्हणावी तर दुसऱ्या सीझनमध्ये एक वैदू बाई येऊन जाते तेवढीच. बाकी सिनेटच्या बैठका, हेरखात्यातली खुर्चीची भांडणं आणि बँकेच्या हिशेबातला गोंधळ. हेच बघायचं तर शीतयुद्धावरच्या हेरकथा काय वाईट आहेत? अवकाशयानं कशाला हवीत?

तिसरी घंटा
असहमत. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला हरिश्चंद्राचं राज्य जाणार हे ठाऊक असतं. तरी लोक उत्तररंगाला उठून जात नाहीत.

आणि हमी कोणाची होती? फक्त कॅसियनची. तुरुंगातला किनो लॉय, कॅसियनला वाढवणारी मार्वा, बंडखोर नेमिक, बंडाचा सूत्रधार ल्यूथन, कॅसियनच्या मागावरचा सिरिल यांतला एकही 'रोग वन'मध्ये नाही. कोण कधी जाईल याचा पत्ता नव्हता. उलट सिनेटर मॉन मॉथमा घ्या. ती जगणार हे १९८३च्या सिनेमापासून माहीत आहे, तरी सगळ्यात जास्त धाकधूक मला तिच्याच प्रसंगांत झाली. पैशांची भानगड झाकण्यासाठी ती मुलीचं लग्न एका धनको बदमाशाच्या घरात होऊ देते. त्या लग्नात तिचा जुना मित्र जास्त बोलायला लागलाय, त्याचं काय होणार हे तिला कळलंय, आणि बाई दारू पिऊन बेभान नाचतेय. जिवंत राहणार म्हणून सुटली असं कुठे असतं?

आडकित्ता
कीर्तन तासा-दोन तासांत आटोपतं हो. इथे पहिले तीन भाग फेरिक्सच्या भंगारवस्तीतच गेले. ते तीन एकदमच दाखवले ते उगीच नाही. सुटे दिले असते तर दुसऱ्या आठवड्यात निम्मे प्रेक्षक पळाले असते.

पाणकावळा
आडकित्ताजी, एक सरळ प्रश्न. नार्किनाच्या तुरुंगाचे भाग (पहिल्या सीझनचे ८ ते १०) बघताना तुम्हाला कॅसियन सुटणार का याची चिंता होती? मला नव्हती. माझं लक्ष किनोकडे होतं.

तुरुंगात गज नाहीत. कैदी अनवाणी आणि फरशी विजेची, त्यामुळे मूठभर पहारेकरी पुरतात. एका टेबलावर सात माणसं, खोलीत सात टेबलं. मागे पडलेल्या टेबलाला शॉक, पुढे असलेल्याला जेवणात थोडी चव. कैदी एकमेकांवरच नजर ठेवतात. किनो स्वतः कैदी आणि तोच मुकादम. उरलेले दिवस मोजत प्रामाणिकपणे काम करून घेतो, कारण शिक्षा संपली की घरी जायचंय. मग कळतं की एका मजल्यावरून 'सुटलेला' माणूस दुसऱ्या मजल्यावर पुन्हा कामाला लावलाय, आणि हे बाहेर फुटू नये म्हणून तो अख्खा मजला मारून टाकलाय. पहारेकरी किती, हे किनो आतापर्यंत सांगत नव्हता, तो त्या क्षणी सांगतो. किनो झालेल्या अँडी सर्किसच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसतं ते लाइटसेबरच्या झटापटीत दिसत नाही. बंड करून सगळ्यांना कड्यापर्यंत आणतो, खाली पाणी, आणि याला पोहता येत नाही. पुढे त्याचं काय झालं हे मालिका सांगतच नाही.

ते कसले सुटे भाग बनवत होते हे सीझनच्या शेवटी, श्रेयनामावलीनंतर कळतं. डेथ स्टारचे, म्हणजे ग्रह उडवणाऱ्या महाशस्त्राचे. ज्याने पुढे कॅसियन मरतो. शेवट माहीत नसता तर हा टोला बसलाच नसता.

कुंडलकर
पाणकावळा, +१.
अल्धानी ग्रहावरच्या दरोड्याबद्दल थोडं. त्यामागे तरुण स्टॅलिनच्या लोकांनी १९०७मध्ये टिफ्लिसला घातलेला दरोडा आहे, असं मालिकेचा कर्ता टोनी गिलरॉय यानेच सांगितलं होतं. मला मात्र शेणोली आठवली. जून १९४३मध्ये प्रतिसरकारच्या तुफान सेनेने तिथे पगाराचे पैसे नेणारी रेल्वेगाडी अडवून लुटली. अल्धानीवरही पगाराचाच पैसा आहे! आमच्या भागात ही गोष्ट ऐकतच पोरं मोठी होतात. त्यामुळे तो भाग आमच्या घरात आजोबांनीसुद्धा शेवटपर्यंत बघितला, भाषा कळत नसताना.

आडकित्ता
शेणोलीबद्दल आदर आहेच. पण इतिहास आठवला म्हणून मालिका चांगली ठरत नाही. मग प्रतिसरकारवरच मालिका काढा, मी पहिल्या रांगेत बसतो.

भ्रमणी
अवांतर, पण अगदीच नाही. फसलेली पूर्वकथा कशी असते ते बघायचं तर 'स्टार ट्रेक'ची 'एंटरप्राइज' बघा. २००१ ते २००५, ९८ भाग. सुरुवातीची दोन वर्षं तर नावात 'स्टार ट्रेक' नव्हतंच. ज्या जमाती माणसाला पुढच्या शतकांत भेटायच्या, त्यांना आधीच आणून बसवलं आणि जुने प्रेक्षक खवळले. चौथ्या सीझनला गाडी रुळावर आली तोवर मालिका बंद. शेवटच्या भागात तर कळस केला. गोष्ट दुसऱ्याच मालिकेतल्या रायकर-ट्रॉयच्या नजरेतून, होलोडेक नावाच्या आभासी खोलीत. कॅप्टन आर्चर आणि मंडळी स्वतःच्या निरोपाला पाहुणी! इंजिनियर ट्रिपला उगाच मारलं तो राग अजून गेलेला नाही.

तो भाग १३ मे २००५चा. 'अँडॉर' संपली १३ मे २०२५ला. बरोब्बर वीस वर्षं. निरोप कसा द्यायचा हे एवढ्या काळात कोणीतरी शिकलं म्हणायचं.

आडकित्ता
शिकलं? 'अँडॉर'चा शेवटचा भाग निम्मा जोडकाम आहे. यंत्रमानव के-टूला घ्या, कॅसियनला यानात बसवा, खबऱ्या टिविकला भेटायला पाठवा, की लागलं 'रोग वन'. दुसऱ्या मालिकेला तुम्ही ज्यासाठी झोडपता तेच इथे चाललंय, फक्त प्रकाशयोजना बरी आहे.

जुनीवही
पहिल्या सीझनबाबत मी पाणकावळांच्या बाजूने, दुसऱ्याबाबत थोडी धागाकर्त्यांच्या. मूळ बेत पाच सीझनांचा होता. तो दोनांत कोंबला. मग दुसऱ्या सीझनमध्ये दर तीन भागांना एक वर्ष. प्रत्येक वेळी नवीन ओळखी करून घ्यायच्या, आधीची माणसं कुठे गेली याचा अंदाज बांधायचा. बंडखोर सिंटाला तर एका चुकून सुटलेल्या गोळीने मारलं. तिची प्रेयसी वेल आणि ती नुकत्या कुठे परत एकत्र आल्या होत्या.

पण गोर्मन ग्रह. तिथे हा वेग कामी आला. आधी सरकारी बैठक, मग प्रचार, मग स्थानिकांच्या बंडखोरीला गुपचूप खतपाणी, आणि शेवटी चौकात गोळीबार. सगळं जमिनीतल्या एका खनिजासाठी. सिरिलला आपण कशात सामील होतो हे कळतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो. कॅसियनमागे त्याने इतकी वर्षं घालवली, आणि तो याला ओळखतसुद्धा नाही. पुढच्याच भागात मॉथमाचं सिनेटमधलं भाषण. त्या भागाला पटकथेची एमी मिळाली ती उगीच नाही.

उंबरठा
कॅसियनच्या प्रेयसीबद्दल, बिक्सबद्दल कोणीच का बोलत नाहीये? पहिल्या सीझनमध्ये छळ, दुसऱ्यात अधिकाऱ्याचा बलात्काराचा प्रयत्न, मग झोपेच्या औषधाचं व्यसन, मग कॅसियनला चळवळीसाठी मोकळं करायला स्वतःच निघून जाणं. ही बाई मेकॅनिक होती हे लेखकांना आठवतं का?

तिसरी घंटा
तो बलात्काराचा प्रसंग मला गरजेचा वाटला. कागदपत्रं नसलेली बाई आणि कागद तपासायचा अधिकार असलेला माणूस, दोघंच खोलीत. साम्राज्य म्हणजे नुसता डेथ स्टार नव्हे, हेसुद्धा. आणि ती तो शब्द सरळ उच्चारते.

उंबरठा
प्रसंगाला विरोध नाही, घंटा. पुढे तिला काय दिलंत त्याला आहे. शेवटच्या दृश्यात शेतात उभी, कडेवर बाळ. प्रेक्षकाला बरं वाटावं म्हणून हुतात्म्याचा वंश चालवून दिला, झालं. त्याऐवजी ल्यूथनच्या साथीदार क्लेयावर संपवायला हवं होतं. ल्यूथनला रुग्णालयात स्वतःच्या हाताने संपवणारी पोर, बंडखोरांच्या तळावर, यावीनच्या जंगलात पहिल्यांदाच बिनकामाची उभी.

आडकित्ता
बाळाबाबत सहमत. बाकी मुद्दे कायम.

नवखा_प्रेक्षक
मी अजून दुसऱ्याच भागावर आहे. वरचं सगळं वाचून बसलो. आता काय करू?

पाणकावळा
सुरुवातीचा इशारा वाचायचा होता की हो! असो. सहाव्या भागापर्यंत रेटा, दरोडा तिथे आहे. त्यानंतरही कंटाळा आला तर आडकित्ताजींच्या पार्टीत या, जागा भरपूर आहे.