वायरवाले इअरफोन खरंच मेले का?

खर्जातला_सा
कालच्या एका पोस्टमधली ही वाक्यं डोक्यातून जात नाहीयेत: ‘वायरवाल्या इअरफोनवर पैसे घालवणं आता मूर्खपणा आहे. वायर सहा महिन्यांत तुटतेच आणि आवाजातला फरक शंभरात एकालाही कळत नाही. टीडब्ल्यूएस (दोन्ही कानांत सुटे, बिनवायरचे बड) घ्या आणि विषय संपवा.’ तिथेच उत्तर लिहायला बसलो होतो, फार लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी वायरीचं बोलू. वायर मधेच सहसा तुटत नाही. ती जाते पिनच्या मानेशी, नाहीतर कानातल्या तुकड्यात शिरते तिथे. फोन खिशात असताना सरळ पिनवर सगळा ताण येतो, म्हणून एल आकाराची पिन जास्त टिकते. आणि आता दीड-दोन हजारांच्या आयईएमलासुद्धा (कानात घट्ट बसणाऱ्या इअरफोनला) सुटी होणारी केबल मिळते, एमएमसीएक्स (दाबून बसणारा गोल सांधा) किंवा 0.78 मिमीची दोन पिनांची. केबल गेली की नवी केबल. ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) तोच, आवाज तोच.

आता टीडब्ल्यूएस. कानातल्या त्या एवढ्याशा तुकड्यात लिथियम सेल चिकटवून बंद केलेला असतो. काही शे चार्जिंगनंतर त्याची ताकद उतरते, त्यात कुणाचा दोष नाही, ते रसायनच तसं आहे. रोज वापरणाऱ्याचे पाच तासांचे दोन-अडीच वर्षांत दोन-तीन तास होतात. ड्रायव्हर ठणठणीत, मॅग्नेट ठणठणीत, आणि वस्तू कचऱ्यात. दहा हजारांची वस्तू दूध-भाजीसारखी नासणारी असेल, तर निदान तसं म्हणा तरी. टिकाऊपणाच्या नावाने ती विकू नका.

आणि आवाजातला फरक कळत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा शांत खोलीत चांगल्या इअरफोनवर तानपुरा ऐकावा.

अंबरनाथ_फास्ट
दादा, शांत खोली कुठून आणायची ते पण सांगा. सकाळच्या गर्दीत लेडीज डब्यात उभं राहून एकदा वायरवाले इअरफोन लावून बघा. वायर शेजारणीच्या पर्सच्या चेनमध्ये अडकते, ठाण्याला लोंढा उतरतो तेव्हा कानासकट ओढली जाते. मानेशी ताण, एल पिन वगैरे सगळं बरोबर असेल, पण माझी वायर ताणाने नाही, माणसांनी तुटते.

दुसरं, एएनसीमुळे (बाहेरचा गोंगाट कापणाऱ्या सोयीमुळे) मला आवाज अर्ध्यावर ठेवता येतो. आधी वायरवाल्यावर गाडीच्या खडखडाटावर मात करायला पूर्ण वाढवावा लागायचा. माझे कान टिकायला हवेत, इअरफोन नंतर.

तापकीर_गल्ली
मी दुरुस्ती करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचं मेलेलं सामान माझ्याच टेबलावर येतं.

सहा महिन्यांत तुटते म्हणणारा फोनला गुंडाळून ठेवणारा असतो. गुंडाळताना पिनपाशी काटकोन होतो आणि आतले केसाएवढे धागे एकेक करून जातात. या धाग्यांवर इनॅमलचा थर असतो, तो जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही. लोक घरी करायला जातात, सोल्डर बसल्यासारखं दिसतं, आवाज येत नाही, मग म्हणतात इअरफोनच गेला.

टीडब्ल्यूएसचं सांगतो. ‘एका कानाचा आवाज बसला’ म्हणून जे येतात त्यांतल्या बहुतेकांच्या जाळीवर कानमळ असतो, बाकी काही नाही. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने हळूहळू झाडायची. पिन खुपसू नका, कृपा करा. पावसाळ्यात केसमधल्या चार्जिंगच्या टाचण्या काळ्या-हिरव्या होतात, एक बाजू चार्जच होत नाही, आणि गिऱ्हाईक बॅटरी गेली म्हणून नवीन जोडी घेतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पुसलं तर काम होतं.

पण सेल खरंच गेला असेल तर मी हात वर करतो. उघडताना कवच फुटतं, आणि सेल भोसकला गेला तर आग. ग्राहकाला ‘नाही होणार’ सांगताना मला राग येतो, कारण हे होऊ नये अशीच रचना आहे. फेअरफोनने 2024 मध्ये बॅटरी बदलता येणारे बड्स काढले. म्हणजे होतं. इतरांना करायचं नाही, एवढंच.

मोजमापे
मूळ धाग्यात दोन गोष्टींची सरमिसळ झालीय. टिकाऊपणाचं बहुतांशी मान्य. आवाजाचं नाही.

वायर आहे म्हणून आवाज चांगला, हे कुठून आलं? जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने 2017 मध्ये 283 हेडफोनांची मापं घेऊन दाखवलं, की फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (खालचे-वरचे सूर किती जोरात वाजतात ते) आणि किंमत यांचा संबंध दिसत नाही. महाग म्हणजे चांगला नाही, तसंच वायर म्हणजे चांगला नाही. बाजारातले निम्मे स्वस्त वायरवाले बेस फुगवून आणि 8 किलोहर्ट्झजवळ टोक काढून विकले जातात. उलट टीडब्ल्यूएसमध्ये डीएसपी (आवाज दुरुस्त करणारी चिप) असतो, ड्रायव्हरच्या खोडी तिथेच सरळ करता येतात.

कोडेकचं (ब्लूटूथवर आवाज आवळून पाठवायच्या पद्धतीचं) भूत पण उतरवा. सीडी 1411 केबीपीएस, एलडॅक जास्तीत जास्त 990, एसबीसी 328 च्या आसपास. आकडे ऐकून माणूस घाबरतो, पण सीडी आणि चांगल्या एएसी (आवळलेल्या) फाइलमधला फरक डोळे मिटून सांगा म्हटलं की बहुतेकांची बोलती बंद होते. फरक पडतो तो रबराने. कानात टिप नीट बसली नाही की बेस गायब. पन्नास हजारांच्या आयईएमचाही.

खर्जातला_सा
@मोजमापे वायर म्हणजे आपोआप चांगला आवाज, असं मी कुठे लिहिलंय? मी लिहिलं की फरक कळतो. वाचून उत्तर द्या. आणि डीएसपीचं कौतुक करताना हेही सांगा, की फोनवर बोलायला माइक चालू झाला की बहुतेक जोड्यांवर तोच आवाज मोनो आणि अरुंद होतो. मिटिंग संपेपर्यंत सगळा डीएसपी पाण्यात.

@अंबरनाथ_फास्ट गर्दीचं तुमचं मान्य. पण गर्दीतली गरज हा सगळ्यांसाठीचा नियम होत नाही.

अंबरनाथ_फास्ट
मग शांत खोलीतली आवड पण सगळ्यांसाठीचा नियम होत नाही. मुंबईत आम्ही ऐकतोच मुळात गाडीत. घरी ऐकायला वेळ कुणाला आहे?

सी_टाइप_पीडित
फोनमधून 3.5 मिमीचं भोकच काढून टाकलं त्याबद्दल कुणी बोलतच नाही. 2016 मध्ये आयफोन 7 ने जॅक काढला, त्याच वर्षी एअरपॉड्स आले, आणि मग सगळ्यांनी तेच केलं. आधी जॅक काढायचा आणि मग वायरलेस विकायचं. वायरवाले मेले नाहीत, मारले गेले. डोंगल (चार्जिंगच्या भोकात लावायचा जॅकचा तुकडा) लावला की चार्जिंग बंद, चार्जिंग लावलं की गाणी बंद. डोंगल हरवतो ते वेगळंच.

मोजमापे
डोंगल वाईट नसतात. अ‍ॅपलचा तो शेपटीएवढा डोंगल मोजणीत उत्तम येतो. फक्त काही अँड्रॉइडवर त्याचा आवाज कमी येतो, एवढं पाहून घ्या.

मिरजेचा_भोपळा
वर तानपुऱ्याचं निघालं म्हणून लिहितो. तानपुरे बनवणं हा आमच्या मिरजेचा धंदाच. पण इअरफोनवर तानपुरा ऐकणं वेगळं आणि इअरफोन घालून रियाज करणं वेगळं. हल्ली शिकायला येणारी निम्मी मुलं कानात बड, त्यात अ‍ॅपचा तानपुरा, आणि वर तोंडाने ‘आ’कार, अशी बसतात. कान बुजवला की स्वतःचा आवाज हाडातून येऊन आतच घुमतो. गाणाऱ्याला वाटतं आपला खर्ज (खालचा सा) काय भरदार लागलाय! बाहेर ऐकणाऱ्याला सूर कणभर उतरलेला आणि आवाज दबलेला ऐकू येतो.

त्यात बेस फुगवलेला इअरफोन असला तर आणखी घोळ. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणाऱ्या पुरुषाचा सा 138 हर्ट्झच्या पुढेमागे, म्हणजे खर्जाची तार 69 हर्ट्झला. नेमकी फुगवलेल्या भागात. मंद्र पंचम 104 ला, तो तिच्याखाली दबतो. जवारीचं (तारेच्या झणकाराचं) काम तर त्याच्या कितीतरी वर, हजार हर्ट्झच्या पुढेही. खालचं घोंघावत राहतं आणि जवारी ऐकूच येत नाही. मग सूर लावायचा कशाला धरून?

चाळ_नंबर_चार
काका, तुमचं सगळं खरं असेल. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आजी झोपलेली असते आणि पलीकडच्या खोलीत रात्रपाळी करून आलेला माणूस. पहाटे तानपुरा लावला की भिंतीवर थाप येते. इअरफोन घालून रियाज करू नका, मग करू कुठे? मिरजेत अंगण असेल.

मिरजेचा_भोपळा
अंगणाचा काय संबंध? गळ्यातून आवाज काढतोस तो शेजाऱ्याला ऐकू येत नाही का? तानपुरा खटकतो आणि तान खटकत नाही?

चाळ_नंबर_चार
पहाटे खर्ज भरतो, अगदी हळू. तान नाही मारत. आणि आम्हाला जागा नाही यात आमचा गुन्हा काय? गुरुजी लोक ऑनलाइन शिकवणीची फी घेतात तेव्हा इअरफोन चालतो.

मिरजेचा_भोपळा
ऑनलाइन शिकवणी मी घेत नाही. माझ्यावर ढकलू नकोस.

तापकीर_गल्ली
अहो, भांडू नका. वायरवाला असेल तर एकच कान घाला, दुसरा उघडा ठेवा. गाण्याच्या क्लासची बरीच पोरं असंच करतात. फक्त लोंबणारा दुसरा तुकडा शर्टाला क्लिप लावून अडकवा. तो लोंबकळून लोंबकळूनच त्या बाजूची वायर आधी जाते, माझ्याकडे येणाऱ्या अशा जोड्यांत उघड्या कानाचीच बाजू मेलेली असते.

अंबरनाथ_फास्ट
किंवा ट्रान्सपरन्सी मोड लावा. बाहेरचा माइक चालू राहतो, स्वतःचा आवाज बराचसा मोकळा ऐकू येतो. मी फोनवर बोलताना तोच वापरते, नाहीतर आपण ओरडतोय का कुजबुजतोय तेच कळत नाही. वायरवाल्यात ही सोय नाही, @खर्जातला_सा.

खर्जातला_सा
वायरवाल्यात दुसरा उपाय आहे. एटिमोटिक ईआर-4, 1991 पासूनची रचना, तीन पडद्यांची टिप कानात खोलवर जाते. खोल बसली की घुमणं कमी होतं आणि बाहेरचा आवाजही चांगलाच अडतो, बॅटरीशिवाय. पण ती टिप सगळ्यांना सोसत नाही, आणि पहाटे शिकणाऱ्या पोराला मी तेवढा खर्च करायला सांगणार नाही. रियाजापुरता ट्रान्सपरन्सीचा मुद्दा तुमचा. फक्त रियाजापुरता.

मोजमापे
त्या मोडमध्येही माइकमधून येणारा आवाज किंचित उशिरा येतो आणि रंग बदलतो. सूर तपासायला एक कान उघडा ठेवणंच बरं.

कानाची_काळजी
तुम्ही सगळे ड्रायव्हर आणि बॅटरीचं आयुष्य मोजताय. कानाला सोसणारी मर्यादा म्हणजे दिवसाला 85 डेसिबल आठ तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 94 ला एकच तास. जागतिक आरोग्य संघटना तर 80 डेसिबल आठवड्याला 40 तास म्हणते. गाडीत उघड्या किंवा सैल बसणाऱ्या इअरफोनवर आवाज चढवणारा माणूस हे सहज ओलांडतो. म्हणून अंबरनाथ ताईंचा मुद्दा मला आवाजाच्या सगळ्या चर्चेपेक्षा मोठा वाटतो.

पण एएनसी मुख्यतः खालच्या घरघरीवर काम करतो. वरचे आवाज अडवायचं काम रबराचंच आहे. फोमची टिप वापरा, ती वायरवाल्यालाही बसते. आणि पावसाळ्यात ओल्या कानात तासन्‌तास बड ठेवू नका. दमट हवेत कानातली बुरशी फार होते. एकमेकांचे बड घालणं तर बंदच करा.

कोकणातून
पावसाळ्यावरून आठवलं, आयपीएक्स4 म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणं, बाकी काही नाही. आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही गोड्या पाण्यात, वस्तू नवी असताना. घाम खारट असतो, समुद्राची हवा खारट असते. माझी एक जोडी खोक्यावर आयपीएक्स7 लिहिलेली असूनही आमच्या हवेत पहिला पावसाळा काढू शकली नाही, आणि कंपनीने पाण्याने खराब झाली म्हणून वॉरंटी नाकारली. कंपनीचं नाव घेत नाही. तेव्हापासून सुट्या केबलचा आयईएम आणि बरणीत सिलिका जेल. एमएमसीएक्सचा सांधा मात्र इथे गंजतो आणि आवाज तुटक येतो, तेही लिहा की वर. दोन पिनांचं मला बरं वाटतं.

खर्जातला_सा
एमएमसीएक्स गोल फिरतं, त्यामुळे आतला संपर्क झिजतो. गंज नसतानाही. तुमचं बरोबर आहे, दोन पिनांचंच घ्यावं.

अंबरनाथ_फास्ट
म्हणजे वायरवाल्याची सुटी केबल पण गंजते, झिजते. मग टिकाऊ काय राहिलं?

खर्जातला_सा
केबल बदलली की राहिलं. तुमचा सेल बदलता येत नाही, हाच तर फरक आहे. युरोपात 18 फेब्रुवारी 2027 पासून छोट्या उपकरणांच्या बॅटऱ्या ग्राहकाला काढता यायला हव्यात असा नियम लागू होतोय. आपल्याकडे 2022 चे ई-कचऱ्याचे नियम आहेत, पण ते वस्तू मेल्यावरची विल्हेवाट बघतात. उघडता येईल अशी वस्तू बनवा, असं कुणी सांगत नाही.

अंबरनाथ_फास्ट
बॅटरी बदलता येणारे बड्स इथे परवडणाऱ्या भावात आले तर मी तेच घेईन, हे लिहून देते. तोपर्यंत गाडीत टीडब्ल्यूएस. घरी ऐकायला वायरवाला घेईन म्हणते, पण दीड हजाराच्या वर नाही, आणि बेस फुगवलेला नको. नाव सुचवा.

मोजमापे
7हर्ट्झ सालनोट्स झीरो. सुटी केबल, दोन पिना, आवाज सरळ. बोलायचा माइक लागणार असेल तर घेताना केबल माइकवाली आहे का बघा.

मिरजेचा_भोपळा
@चाळ_नंबर_चार, तानपुऱ्याचा कान डावा ठेवतोस की उजवा? आठ दिवसांनी बदलत जा, आणि अ‍ॅपमधला खर्ज अर्ध्यावर आण. पंचम आधी ऐकू यायला हवा.