मदत हवी आहे: हेलिकॉप्टरच्या नकाशावरचा लाल पट्टा म्हणजे चिकणमाती की मीठ?

निवडुंग_लॉक्स्टन:
घाई आहे, शुक्रवारी शेजाऱ्याला हो-नाही कळवायचंय. त्याचा तुकडा घेतोय, बदाम लावायचेत. त्याने हेलिकॉप्टर सर्व्हेचा जुना नकाशा दिलाय, त्यात मधोमध लाल पट्टा. एक जण म्हणतो चिकणमाती आहे, डोळे झाकून घे. दुसरा म्हणतो मीठ आहे, हात लावू नको. नक्की काय?

कृष्णाकाठ:
तालुका कुठला? आमच्या सांगलीकडची क्षारपड जमीन भूमिगत निचऱ्याचे पाईप टाकून सुधारली, आता ऊस उभा आहे. जोडीला जिप्सम टाका. हेलिकॉप्टर कशाला हवं?

निवडुंग_लॉक्स्टन:
नावातच आहे की. लॉक्स्टन, दक्षिण ऑस्ट्रेलिया, मरे नदी. ऊस नाही हो, बदाम!

गाळपेर:
नकाशा किती खोलीचा? भूजल किती खाली? तुकडा वरच्या माळावर की नदीच्या सखलात?

संत्रानगरी:
नागपूरजवळ चंद्रभागा पाणलोटातही केंद्रीय भूजल मंडळ आणि एनजीआरआयने (हैदराबादची भूभौतिकी संशोधन संस्था) असं हेलिकॉप्टर फिरवलं होतं. खाली भलंमोठं कडं लटकलेलं. आमच्याकडे लोक म्हणायचे युरेनियम शोधताहेत.

गाळपेर:
ते बसाल्टमधल्या पाण्यासाठी. उपकरणाला फक्त जमीन किती वीज वाहते एवढंच कळतं. ओली चिकणमाती वाहते, खाऱ्या पाण्याने भरलेली वाळूही वाहते. दोन्ही लालच. तुमच्या रिव्हरलँड भागात २००२ साली रिझॉल्व्ह ही हेलिकॉप्टरला टांगलेली यंत्रणा उडवली ती ब्लँचटाऊन क्ले हा चिकणमातीचा थर शोधायला. माळावर तो भूजलाच्या बराच वर असतो, म्हणून उठून दिसतो. सखलात खारं भूजलच वर आलेलं, तिथे लाल म्हणजे बहुधा मीठ.

कृष्णाकाठ:
जिप्समने तोटा तरी काय?

गाळपेर:
जिप्सम चोपण जमिनीला, म्हणजे जिथे मातीत सोडियम जास्त तिथे. इथे दुखणं वेगळं. मुळांखालून झिरपलेलं पाणी खारं भूजल नदीकडे रेटतं. थर जाड असला की त्याला बरीच वर्षं उशीर होतो, म्हणून 'डोळे झाकून घे'. पण तेच पाणी थरावर तुंबलं की बदामाची मुळं गुदमरतात आणि निचऱ्याचे पाईप घालावे लागतात.

कृष्णाकाठ:
म्हणजे शेवटी निचराच! पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

भटक्या७:
तिकडे बागेत कामाला व्हिसा मिळतो का?

निवडुंग_लॉक्स्टन:
वरचा माळ. पूर्वी मॅलीचं (बुटक्या निलगिरीचं) रान होतं. नकाशाखाली 'दोन ते चार मीटर' लिहिलंय. भूजल तीसेक मीटरवर.

गाळपेर:
हे आधी सांगायचं ना! मग चिकणमातीच वाटते. तरी नुसत्या रंगावर जाऊ नका. हेलिकॉप्टर ठरावीक अंतराच्या ओळींवर उडतं, मधला रंग गणिताने भरलेला असतो. लाल पट्ट्यात दोन आणि बाहेर एक, अशी पाच मीटरपर्यंत भोकं पाडा. दर अर्ध्या मीटरची माती बोटांत मळून बघा, थोडी पाण्यात कालवून इसी (विद्युतवाहकता, त्यावरून क्षार कळतात) मोजा.

निवडुंग_लॉक्स्टन:
भोकं पाडायचा ऑगर (माती काढायचा गिरमिट) शेजाऱ्याकडेच आहे. आता तो मागायचा कुठल्या तोंडाने?