मदत हवी आहे: सोरॉरिटीतल्या मुलींनी विश्वासाने सांगितलेलं छापायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मी मूळची कोल्हापूरची. ओहायोतल्या एका सरकारी विद्यापीठात समाजशास्त्रात पीएचडी करते आहे, हे चौथं वर्ष. विषय आहे दक्षिण आशियाई मुलींच्या सोरॉरिटी. अकरा मुलाखती व्यवस्थित झाल्या, बाराव्या मुलाखतीपाशी गाडी अडली आहे. इथे संशोधन करणारे आणि अमेरिकेत मुलं वाढवणारे असे दोन्ही लोक आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या या संघटना: फ्रॅटर्निटी मुलांची, सोरॉरिटी मुलींची, नावं ग्रीक अक्षरांची. वर्गणी भरली की झालं सदस्य, असं नसतं. आधीच्या सदस्य तुम्हाला निवडतात, मग काही आठवडे ‘नवी सदस्य’ म्हणून काढायचे आणि शेवटी दीक्षा. तिचे विधी गुप्त. सदस्यत्व जन्मभराचं. ओहायो तर या प्रकाराचं माहेरघरच आहे. ऑक्सफर्ड नावाच्या छोट्या गावातल्या मायामी विद्यापीठात बीटा थीटा पाय (१८३९), फाय डेल्टा थीटा (१८४८) आणि सिग्मा काय (१८५५) या तिन्ही फ्रॅटर्निटी सुरू झाल्या. गोऱ्यांच्या संघटनांत जागा नव्हती तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी स्वतःच्या काढल्या: १९०६ मध्ये कॉर्नेलला अल्फा फाय अल्फा, १९०८ मध्ये हॉवर्डला अल्फा कॅपा अल्फा. कमला हॅरिस या दुसरीच्या सदस्य. आपल्याकडच्या मुलामुलींच्या संघटना मुख्यतः नव्वदच्या दशकातल्या. उदाहरणार्थ, कॅपा फाय गामा १९९८ मध्ये ऑस्टिनला स्थापन झाली. जॅकेट, लाइन नंबर (नव्या सदस्यांच्या रांगेतला आपला क्रमांक), रांगेत पावलं टाकत केलेला नाच, यातलं बरंच कृष्णवर्णीय संघटनांकडून आलं आहे. त्यात भांगडा आणि दिवाळी मिसळली. माझ्या प्रबंधाचा गाभा खरं तर हा आहे. घरी ‘इंडियन’ आणि वर्गात ‘ब्राउन’ असलेल्या मुलीला इथे नक्की काय मिळतं?

आता अडचण. बारावी मुलगी मराठी घरातली. ग्रंथालयातल्या छोट्या खोलीत बसलो होतो. तिच्या जॅकेटच्या बाहीवर लाइन नंबर शिवलेला होता आणि बोलताना ती त्या आकड्याच्या टाक्यांवरून सारखं नख फिरवत होती. नव्या सदस्यांच्या आठवड्यांबद्दल बोलता बोलता ती थांबली. रेकॉर्डरवर तळहात ठेवला आणि म्हणाली, “ताई, हे बंद करशील? आईला यातलं काहीच माहीत नाही.” मी बंद केला. आणि ती पुढे बोलायच्या आत मला सांगावं लागलं, की तू आता जे सांगशील ते मला पोलिसांना कळवावं लागेल.

ओहायोत २०२१ पासून कॉलिन्स लॉ आहे. शिक्षणसंस्थेतल्या नोकरदाराला कामाच्या ओघात हेझिंगबद्दल (नव्या सदस्यांचा छळ, आपल्याकडचं रॅगिंग) कळलं, तर त्याने ते ताबडतोब पोलिसांना कळवायचं. आत्ता चालू असलेलंही आणि होऊन गेलेलंही. मी टीए (शिकवण्यातली सहाय्यक) आहे, म्हणजे विद्यापीठाची पगारी नोकर. माझ्या संमतीपत्रात ‘कायद्याने बंधनकारक असल्यास माहिती उघड करावी लागेल’ एवढंच वाक्य होतं, तेही तिसऱ्या पानावर. चूक माझी आहे. ती मुलगी हात मागे घेऊन “ओके” म्हणाली आणि पुढची वीस मिनिटं फक्त दिवाळीच्या कार्यक्रमाबद्दल बोलली.

दुसरी अडचण ओळख लपवण्याची. त्यांच्या चॅप्टरमध्ये, म्हणजे कॅम्पसवरच्या शाखेत, चौदा जणी आहेत. मी ‘तिसऱ्या वर्षाची, इंजिनिअरिंगची, मराठी’ असं लिहिलं, तर उरलेल्या तेरा जणी एका क्षणात ओळखतील. एका नियतकालिकाकडे पाठवलेला पहिला लेख याच कारणाने परत आला. परीक्षकांना चॅप्टरचा आणि कॅम्पसचा तपशील हवा होता, तो मी दिला नव्हता.

तिसरी: संघटनेच्या राष्ट्रीय कार्यालयाने मुलाखतींना परवानगी दिली, पण छापण्याआधी मसुदा ‘मंजुरीसाठी’ दाखवा म्हणतात. याला काय उत्तर देऊ?

गाईड चांगले आहेत, पण त्यांनी कधी मुलाखती घेतलेल्या नाहीत, त्यांचं काम सगळं आकडेवारीवर. कृपया मार्गदर्शन करा.

प्रतिसाद: माळरान

काही वर्षं एका विद्यापीठाच्या आयआरबीवर (माणसांवरचं संशोधन तपासून परवानगी देणाऱ्या समितीवर) होतो, म्हणून लिहितो.

सर्टिफिकेट ऑफ कॉन्फिडेन्शियॅलिटी (सहभागींची माहिती गुप्त ठेवता यावी म्हणून मिळणारं संरक्षण) कोणीतरी सुचवेलच. एनआयएचचा (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा) निधी नसला तरी त्यासाठी अर्ज करता येतो, मात्र विषय आरोग्याशी जोडलेला असावा लागतो. कोर्टाने तुमची टिपणं मागवली तर ते उपयोगी पडतं. पण राज्याच्या कायद्याने जे कळवणं बंधनकारक आहे त्यातून ते सुटका करत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका. विद्यापीठाच्या वकिलांकडून एक गोष्ट लेखी घ्या: संशोधक म्हणून ऐकलेलं या कायद्याखाली येतं की नाही. तोंडी उत्तर घेऊ नका.

खरा इलाज प्रश्नावलीत आहे. ‘तुझ्याबरोबर काय झालं’ हे विचारूच नका. एक काल्पनिक प्रसंग लिहा. नव्या मुलीला रात्री दोनला फोन येतो, अमुक ठिकाणी ये. तो तिला वाचायला द्या आणि विचारा: ती जाईल का? का जाईल? नाही गेली तर कोण काय म्हणेल? प्रसंग काल्पनिक असला की घटनेची माहिती तुमच्याकडे येत नाही, पण तिचा विचार येतो. आणि तुमच्या प्रबंधाला विचारच हवा आहे. बदल करण्याआधी आयआरबीकडे दुरुस्ती अर्ज मात्र हवा.

प्रतिसाद: पानंद

मी ग्रंथपाल आहे. मसुदा मंजुरीसाठी देऊ नका. तथ्यांची चूक असेल तर कळवा, निष्कर्ष आमचे, एवढंच लेखी कळवा.

चॅप्टरच्या तपशिलाचं म्हणाल, तर एकाच चॅप्टरवर अवलंबून राहूच नका. तीनचार राज्यांतल्या मुली घ्या, माजी सदस्यही घ्या. आर्मस्ट्राँग आणि हॅमिल्टन या समाजशास्त्रज्ञांनी एका वसतिगृहाच्या मजल्यावरच्या मुलींचा पाच वर्षं मागोवा घेतला आणि पुस्तकात विद्यापीठाचं नावही बदललं. ते काम आज सगळे वाचतात. तुमच्या विषयाचं स्वतंत्र नियतकालिकही आहे, जर्नल ऑफ सोरॉरिटी अँड फ्रॅटर्निटी लाइफ रिसर्च अँड प्रॅक्टिस, पूर्वीचं ऑरॅकल. लहान चॅप्टरची अडचण तिथल्या परीक्षकांना समजावून सांगावी लागणार नाही.

इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना इथल्या अभिलेखागारात विद्यार्थीजीवनाचा मोठा संग्रह आहे, फ्रॅटर्निटींचं साहित्य जमवणाऱ्या स्ट्युअर्ट हाव यांची कागदपत्रं तिथेच आहेत. ओहायोहून गाडीने जाता येईल. कागदांना संमतीपत्र लागत नाही!

प्रतिसाद: उंबरठा

माफ करा, पण मला एक खटकतंय. सगळे मिळून तिला गप्प कसं ठेवायचं तेच सांगताहात. ॲलन आणि मॅडन यांच्या २००८ च्या पाहणीत, क्लब, संघ किंवा संघटनांत असलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांपैकी ५५ टक्क्यांनी हेझिंग अनुभवलं होतं. कायदा कशासाठी आला? मुलं जिवानिशी गेली म्हणून आला. माझी मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल. तिच्यावर असं काही झालं, तर ऐकणाऱ्या बाईने रेकॉर्डर बंद करून दिवाळीवर बोलावं, असं मला वाटत नाही.

धागाकर्ती

उंबरठाताई, तुमचं वाचून रात्रभर झोप आली नाही. मी पुण्यात वसतिगृहात होते. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे आणि प्रतिज्ञापत्रावर मीही दरवर्षी सही केली आहे. तरी पहिल्या महिन्यात सीनियर समोर आल्या की आम्ही भिंतीला टेकून, मान खाली घालून उभ्या राहायचो. वॉर्डननी विचारलं तेव्हा कोणीच बोललं नाही, मीसुद्धा नाही. तेव्हा मला पोलीस नको होते. आपलं ऐकून मग काय करायचं ते आपल्याला ठरवू देणारं माणूस हवं होतं.

म्हणून असं ठरवलंय. कळवण्याचं बंधन आता संमतीपत्राच्या पहिल्या ओळीत, साध्या भाषेत असेल आणि मी ते मोठ्याने वाचून दाखवीन. त्याच पानावर, कायद्याने गुप्तता पाळणाऱ्या समुपदेशकांचा पत्ता असेल. प्रश्नावली काल्पनिक प्रसंगांवर. हेझिंगच्या घटनांसाठी मुलींना वेठीला न धरता विद्यापीठांना वेबसाइटवर टाकावे लागणारे अहवाल वापरीन. डिसेंबर २०२४ च्या स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्टमुळे ते आता देशभर बंधनकारक आहेत. अर्बानाला मार्चच्या सुट्टीत जाते. वकिलांना काल मेल केली.

त्या मुलीलाही लिहिलं, की तुझी मुलाखत पूर्ण काढून टाकायची असेल तर काढते, कारण विचारणार नाही. तिचं उत्तर आज सकाळी आलं: “जॅकेटचा भाग ठेव. बाकीचं नको.” तेवढाच ठेवते आहे, बाहीवरचा आकडा न लिहिता.

माळरानदादा, प्रसंगांचा मसुदा मराठीत आणि इंग्रजीत तयार आहे. सोमवारी आयआरबीकडे जाईल, त्याआधी नजर घालाल का? आणि उंबरठाताई, तुमच्या मुलीच्या वयाच्या कोणी तो वाचून ‘असं कोणी बोलत नाही’ ते सांगितलं तर फार मदत होईल.