मदत हवी आहे: सेकंडहँड स्विफ्ट पुरात बुडाली होती का, कसं कळेल?

नमस्कार मंडळी, बाबांसाठी २०१८ ची स्विफ्ट बघितलीय, एमएच ०८ पासिंग. गाडी चिपळूणची, म्हणून जुलै २०२१ च्या पुरात बुडाली होती का हीच धाकधूक आहे. मालक नाही म्हणतात, पण सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला तर खाली मातकट डाग दिसला, सीटखालचे बोल्टपण गंजलेत, आता कोकणातल्या दमट हवेने गंज धरतोच म्हणून लगेच संशय घेणं बरं वाटत नाही. एमपरिवहन ॲपवर आरसीला बँकेचा बोजा अजून दिसतोय, त्यामुळे बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा काढायचा फॉर्म) हातात आल्याशिवाय टोकन देणार नाहीये. पण इन्शुरन्सचा जुना क्लेम कसा शोधायचा, कंपनी मला सांगेल का मालकांनाच मेल करायला लावू? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा, बाबांच्या रिटायरमेंटचे पैसे आहेत.