ऑडिशनची तयारी तुम्ही कशी शिकलात? आपापले अनुभव लिहा

नाट्यशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी मी पहिली ऑडिशन दिली. प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लिसच्या ‘अँटिगनी’ नाटकातला, बंदी झुगारून भावाला मूठमाती दिल्यावर नायिका अँटिगनी राजा क्रेऑनला उत्तर देते तो उतारा मी महिनाभर घोटला होता. कुठे आवाज चढवायचा, कुठे थांबायचे, कोणत्या शब्दावर मान वर करायची, सारे ठरलेले होते. उतारा संपल्यावर दिग्दर्शकांनी शांतपणे सांगितले, “आता हेच बोलणे त्याला हरवण्यासाठी नको, समजावण्यासाठी बोला.” मी ‘हो’ म्हणाले आणि पुन्हा अगदी तसेच बोलले. शब्दांबरोबर त्यांची चालही पाठ झाली होती आणि ती मला मोडता येईना. भरपूर तयारी करूनही मोकळे कसे राहावे, हे ज्यांना सापडले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नाटकांत दहा वर्षे काम करणारा अभिनेता

माझेही असेच होत असे. आता मी पाठांतर आणि भूमिकेचा विचार या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवतो. उतारा आधी हाताने लिहून काढतो आणि कपड्यांच्या घड्या घालताना किंवा केर काढताना कोणताही रंग न भरता सपाट म्हणतो. शब्द शोधावे लागत नाहीत इतके पक्के झाले, की मग रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कींनी नटाला विचारायला शिकवलेले प्रश्न घेतो: मी कोण आहे, कुठे आहे, आत्ताच काय घडून गेले आहे, समोरच्याकडून मला काय हवे आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी नेहमी क्रियापदात लिहितो. ‘दुःखी’ असे लिहिले तर मी दुःखी चेहरा करत बसतो. ‘त्याला थांबवायचे आहे’ असे लिहिले की करायला काहीतरी हाती लागते. त्यानंतर तोच उतारा एकदा विनवत, एकदा टोचत, एकदा काहीतरी लपवत म्हणून पाहतो. यांतले एकही रूप ऑडिशनला जसेच्या तसे वापरायचे नसते, पण दिग्दर्शकाने वेगळे काही मागितले तर शरीर गोंधळत नाही. बदल सुचवला जातो तो बहुधा चूक दाखवण्यासाठी नसून तुमच्याबरोबर काम करता येईल का, हे पाहण्यासाठी असतो.

ऑडिशनमध्ये समोरचे संवाद वाचणारी साहाय्यक

दोन दिवस टेबलाच्या या बाजूला बसून मी जे शिकले, ते तालमींत शिकायला मिळाले नव्हते. अनेक जण दारातून आत येतानाच क्षमा मागत येत: घसा बसला आहे, संहिता उशिरा मिळाली, तयारी कमी झाली आहे. ते ऐकल्यावर आमचे लक्ष आपोआप घशाकडेच जाई. काही जण परीक्षकांच्या डोळ्यांत बघून स्वगत म्हणत, त्यामुळे परीक्षकाला नोंदी करणेही अवघड होत असे. त्यांच्या डोक्याच्या किंचित वर किंवा बाजूला एक जागा ठरवून तिथे समोरचे पात्र उभे करणे अधिक सोयीचे असते.

एक मुलगी मात्र माझ्या कायम लक्षात राहिली आहे. मधेच तिची ओळ गेली. ती दचकली नाही, भूमिकेतून बाहेरही आली नाही. माझ्याकडे त्याच रागाने बघत राहिली, हलकेच “ओळ” म्हणाली, मी पहिले दोन शब्द दिले आणि तिचा श्वाससुद्धा न तुटता प्रसंग पुढे गेला. तिला पुन्हा बोलावले गेले. ज्यांना बोलावले नाही त्यांच्यातही उत्तम नट होते, कारण पुष्कळदा निर्णय उंचीवर, वयावर किंवा आधीच निवडलेल्या नटाशी जोडी कशी दिसते यावर होतो. हे कृपया मनापासून लक्षात ठेवा.

अभिनयाचा विद्यार्थी

आयत्या वेळी हाती आलेला प्रवेश वाचायला मी फार घाबरत असे. आता कागद छातीच्या उंचीवर धरतो, अंगठा चालू ओळीच्या कडेला सरकवत नेतो आणि ओळीचा शेवट समोरच्याकडे बघून बोलतो. तो बोलत असताना पुढची ओळ शोधत नाही, ऐकतो. वाचन थोडे संथ होते, पण चालते.

वाचिक अभिनय शिकवणारी शिक्षिका

मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते आणि घाबरलेल्या नटाचा श्वास नेमका तिथेच संपतो. “मी तुला कधीच सोडून जाणार” एवढेच ऐकू येते आणि ‘नाही’ गिळले जाते. यासाठी उतारा म्हणताना प्रत्येक वाक्याचे शेवटचे दोन शब्द भिंतीपर्यंत पोहोचवण्याचा सराव मी करून घेते. आत जाण्यापूर्वी काही मिनिटे श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला अधिक वेळ द्यावा. खांदे आपोआप उतरतात.

कॅमेऱ्यासमोर काम करणारी अभिनेत्री

घरून ध्वनिचित्रफीत पाठवायची असेल तर सूचना दोनदा वाचा. चौकट, कालावधी, फाईलचे नाव, जे मागितले असेल तेच द्या. वेगळे काही सांगितले नसेल तर मी फोन आडवा आणि डोळ्यांच्या पातळीवर ठेवते, मागे साधी भिंत, उजेड समोरून, चौकट छातीपासून वर. समोरचे संवाद वाचणारी व्यक्ती भिंगाच्या अगदी शेजारी उभी करावी, म्हणजे माझे दोन्ही डोळे दिसतात. ती माईकजवळ असते, तेव्हा तिने हळू बोलावे. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज आणि हातवारे इथे लागत नाहीत, विचार मात्र तितकाच स्पष्ट लागतो.

धागाकर्ती

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. काल मैत्रिणीला क्रेऑन केले आणि माझ्याकडे पाठ करून बसायला सांगितले. तिने वळून बघावे, एवढीच एक गोष्ट मनात धरून मी बोलू लागले. तिसऱ्या वाक्याला माझा आवाज चढण्याऐवजी खाली आला, आणि ती वळली. मग मी चौथे वाक्य विसरले, पण ते पुन्हा पाठ करता येईल.